औषधे वगळण्याचा इतिहास : डायालिसिसचे रुग्ण आणि उल्हासनगर–बदलापूर परिसर

वैद्यकाच्या इतिहासात नव्या औषधाच्या आगमनाची नोंद अगत्याने होते. जुने औषध का वगळले गेले, ह्याची मात्र क्वचितच. डायालिसिसच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

विलेम कोल्फ ह्यांनी १९४३ साली हॉलंडमध्ये कृत्रिम मूत्रपिंड रुग्णावर प्रथम वापरले. बेल्डिंग स्क्रिब्नर ह्यांच्या १९६० मधील नळीमुळे हा उपचार वर्षानुवर्षे चालविणे शक्य झाले. रुग्णाचे आयुष्य वाढले, तशी औषधांची यादीही वाढली. २००९ मधील एका अमेरिकन पाहणीत रोजच्या गोळ्यांची मध्यक संख्या १९ आढळली. ज्याला पाणीही मोजून प्यावे लागते, त्याला हा भार लहान नव्हे.

ह्यातील पहिला धडा ॲल्युमिनियमचा होय. रक्तातील फॉस्फेट आटोक्यात राहावे म्हणून त्याचे क्षार पोटात दिले जात. परंतु गोळ्यांतून व डायालिसिसच्या पाण्यातून शिरलेला हा धातू मेंदूत साठतो आणि बुद्धिभ्रंश घडवितो, असा निष्कर्ष ॲल्फ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडला. पुढे त्याची जागा कॅल्शियमच्या क्षारांनी घेतली. २०१७ साली त्यांच्याही मात्रेवर मर्यादा घालण्याची शिफारस झाली.

दुसरा धडा कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिनचा. २००५ साली १,२५५ आणि २००९ साली २,७७६ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरले; तथापि हृदयविकारादी मुख्य आपत्तींत लक्षणीय घट झाली नाही. म्हणून डायालिसिसवरील रुग्णास हे औषध नव्याने सुरू करू नये, आधीपासून चालू असल्यास चालू ठेवता येईल, असा सल्ला २०१३ मध्ये दिला गेला. अन्यत्र गुणकारी ठरलेले औषध येथेही तसेच ठरेल, हे गृहीतच चुकीचे होते.

आता आपल्या परिसराकडे वळू. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते कोनशिला बसलेले उल्हासनगर हे निर्वासितांचे नगर. शेजारच्या अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत औषधेही तयार होतात. २०१३ साली राज्यभर लागू झालेल्या जीवनदायी योजनेत, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत, डायालिसिसचा समावेश आहे. परंतु उपचाराचा खर्च शासनाने उचलला, तरी गोळ्यांचा शरीरावरील भार रुग्णालाच वाहावा लागतो.

अर्थात रुग्णाने स्वतःहून औषध सोडणे घातक होय; ते वैद्यानेच, एकेक करून, परिणाम पाहत वगळावयाचे असते. ह्या तीन नगरांचा वैद्यकीय इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने मात्र केसपेपरांवरील खोडलेल्या ओळीही लिहिलेल्या ओळींइतक्याच काळजीने वाचाव्यात.