पवनीचा स्तूप: टेकडीखाली गेलेला, फोटोत उरलेला

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला 'विदर्भाची काशी' म्हणतात. देवळे आहेत, घाट आहेत, वैनगंगा आहे. त्यामुळे हे बिरूद कोणी फारसे तपासत नाही. गावातल्या देवळांवर आमचा आक्षेप नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की या गावाची सगळ्यात जुनी खूण कोणती? तिचे नाव गावाच्या ओळखीतून कसे गेले? आणि ते परत आणायचे तर कशाच्या आधारावर आणायचे?

ती खूण म्हणजे स्तूप, आणि तोही एक नव्हे. पवनीच्या परिसरात जगन्नाथ टेकडी, चांदकापूर टेकडी आणि हरदोलाला टेकडी अशी नावे लोकांच्या तोंडी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या या टेकड्या म्हणजे मातीचे उंचवटेच समजले गेले. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्या कामाचे प्रमुख. १९७२ मध्ये विद्यापीठाने त्याचा अहवाल छापला. जगन्नाथ टेकडीच्या पोटात विटांचा स्तूप निघाला, व्यास सुमारे ३८ मीटर. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास ३६ मीटरच्या घरात आहे. चांदकापूरचा स्तूपही त्याच तोडीचा. सांचीला आपण सहली नेतो. पवनीवरून एसटीने जाताना खिडकीतून मान वळवूनही पाहत नाही.

आज पवनीत गेलात तर सांचीसारखे घुमटदार अंड, हर्मिका आणि तोरण उभे दिसणार नाही. दिसते ती टेकडी. स्तूप म्हणून जे दाखवता येते, ते त्या अहवालातल्या कृष्णधवल छायाचित्रांत आहे. म्हणून आमचे म्हणणे आहे, की आपल्या चळवळीने ही छायाचित्रे वाचायला शिकले पाहिजे.

'वाचायला' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. उत्खननाचा फोटो लग्नाच्या फोटोसारखा नसतो. त्यात चेहरे शोधायचे नसतात. खड्ड्याच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी असते, ती उंची सांगते. विटांची ओळ सरळ चालली आहे की वळते आहे, हे पाहायचे. वळत असेल, तर ते घर नाही, गोल वास्तू आहे. एका गोल भिंतीबाहेर दुसरी आली, तर आधीच्या लोकांनी बांधलेले पुढच्यांनी वाढवले. पवनीत नेमके हेच घडले. मूळ स्तूप मौर्यकाळाच्या सुमारास उभा राहिला. पुढे शुंग-सातवाहन काळात त्याचा विस्तार झाला आणि भोवती कोरीव दगडी वेदिका आली.

इथे आपल्याच व्यासपीठांवरच्या एका सवयीबद्दल बोलले पाहिजे. 'पुष्यमित्राने सगळे स्तूप फोडले' हे वाक्य आपल्या भाषणांत टाळ्या घेते. पुष्यमित्राच्या छळाच्या कथा बौद्ध ग्रंथांत आहेत आणि त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. पण पवनीच्या विटा सांगतात, की त्याच शतकांत वैनगंगेकाठचे लोक स्तूप वाढवत होते, दान देत होते, दगड कोरून घेत होते. हे सांगितल्याने आपली बाजू लंगडी होत नाही, उलट ती भक्कम होते. धम्म इथे राजाच्या मर्जीवर जगत नव्हता. वेदिकेच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात लेख आहेत. ते दानाचे लेख आहेत आणि दान देणाऱ्यांत स्त्रियाही आहेत. ज्या समाजव्यवस्थेने पुढे स्त्री-शूद्रांना अक्षर नाकारले, तिच्या आधी आपल्या मातीत बाईचे नाव दगडावर कोरले जात होते. टाळ्या याला पडल्या पाहिजेत.

त्या शिल्पांतले एक तर प्रत्येक भीमसैनिकाने पाहावे असे आहे: फणा काढलेला नाग, त्याच्या छायेत रिकामे आसन, आणि त्या नागाचे नाव मुचलिंद असल्याचे सांगणारा ब्राह्मी लेख. संबोधीनंतर वादळी पाऊस झाला आणि मुचलिंद नागाने सात दिवस बुद्धावर फणा धरला, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. आसन रिकामे आहे, कारण त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. आसन, बोधिवृक्ष, चक्र, पाऊल यांतूनच तो दाखवला जाई.

आता तारखा जुळवून पाहा. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी हेच शहर का निवडले ते सांगितले. बुद्धधम्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागात राहत होते, असा त्यांचा दाखला होता. त्यानंतर तेरा वर्षांनी, नागपूरहून जेमतेम दोन तासांच्या वाटेवर, पवनीच्या मातीतून दगडातला नाग बाहेर आला. आमच्या अंगावर आजही काटा येतो. तरी तोल सोडू नये. मुचलिंद हा बुद्धकथेतला नाग आहे. तो भारहूतच्या शिल्पांतही आहे. एका शिल्पाने नाग लोकांचा सगळा इतिहास सिद्ध होत नाही. पवनीचा दगड जे सांगतो तेही काही कमी नाही: वैनगंगेकाठी दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाला छाया देणारा नाग पूजनीय होता आणि त्याचे नाव लिहून ठेवावे असे लोकांना वाटत होते. तेवढेच म्हणू, पण ठामपणे म्हणू. याच जिल्ह्याने ते शिकवले आहे. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत मतदाराला दोन मते होती. दुसरे मत कुजवा, म्हणजे आपली जागा येईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता. बाबासाहेबांनी तो धुडकावला आणि पराभव पत्करला. सोयीचे असले तरी खोटे चालवायचे नाही, हा धडा भंडाऱ्याचाच आहे.

फोटो नसते तर काय झाले असते, ते इतरत्र पाहता येते. अमरावती म्हटल्यावर आपल्याला विदर्भातली आठवते; आम्ही म्हणतो ती आंध्रातली, कृष्णाकाठची. तिथला महास्तूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बांधकामाच्या सामानासाठी उकरला गेला. कोरीव दगड चुन्याच्या भट्टीत गेले, उरलेल्यांतले कित्येक लंडनला पोचले. १८५८ मध्ये लिनिअस ट्राइप या कॅप्टनने मद्रासला आणून ठेवलेल्या दगडांचे फोटो काढले. स्तूप जागेवर नसला तरी त्या शिल्पांची नोंद राहिली. भारहूतलाही तसेच. १८७३ मध्ये कनिंगहॅम तिथे पोचला, तेव्हा स्तूपाच्या विटा आसपासच्या गावांतल्या घरांत गेल्या होत्या. वेदिका कोलकात्याच्या संग्रहालयात गेली आणि १८७९ च्या त्याच्या ग्रंथात तिचे फोटो छापले गेले. हे फोटो काढणारे साहेब होते आणि त्यांचे हेतू साम्राज्याचे होते. पण पुरावा कोणी गोळा केला यावरून तो खोटा ठरत नाही.

पवनीचे फोटो मात्र स्वतंत्र भारतातले आहेत, आपल्या विद्यापीठाने छापलेले आहेत. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात पवनीचा महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा लेख असलेला स्मृतिस्तंभ आहे. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. त्यांतले किती जण त्या संग्रहालयाची पायरी चढतात?

एका गोष्टीचे आम्हाला समाधान आहे. पवनीजवळ रुयाळला महासमाधीभूमीचा नवा स्तूप उभा आहे आणि लोक तिथे जातात. पण नव्या पांढऱ्या स्तूपासमोर सेल्फी काढून परत फिरणाऱ्या तरुणाला जवळच, टेकडीच्या पोटात, दोन हजारांहून अधिक वर्षांचा स्तूप आहे हे कोणी सांगत नसेल, तर दोष त्याचा नाही, आपला आहे.

म्हणून आमची मागणी आहे. अहवालातली छायाचित्रे मोठी करून, मराठीत माहितीसह, टेकड्यांच्या पायथ्याशी आणि पवनीच्या बस स्थानकावर लावा. व्यास, काळ, विटांचे थर, मुचलिंद, दान देणाऱ्या बाया, सगळे त्यात असू द्या. 'विदर्भाची काशी' हा फलक काढा असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरा लावा. शासन करील तेव्हा करील. तोवर येत्या बुद्धपौर्णिमेला गावोगावच्या शाखांनी तो अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयातून शोधावा, त्यातल्या पानांच्या छायाप्रती काढाव्यात आणि त्या घेऊन जगन्नाथ टेकडीवर जावे. तिथे उभे राहून फोटो आणि जमीन ताडून पाहावी, आजचे फोटो काढावेत आणि त्यांवर तारीख टाकून ठेवावी.