उन्हाळी टेनिस शिबिर

उन्हाळी टेनिस शिबिर म्हणजे शालेय सुट्टीत मुलामुलींना टेनिस शिकविण्यासाठी भरविले जाणारे अनिवासी प्रशिक्षण शिबिर होय. शिबिरार्थी दिवसाचे काही तास मैदानावर सराव करून घरी परततात. महाराष्ट्रात अशी शिबिरे मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत, तर अमेरिकेत जून ते ऑगस्टदरम्यान भरतात.

प्रशिक्षण

रॅकेटची पकड, पदलालित्य, फोरहँड, बॅकहँड, व्हॉली व सर्व्हिस हे मुख्य पाठ होत. लहान मुलांसाठी मंदगती चेंडू वापरतात. नेहमीच्या पिवळ्या चेंडूच्या तुलनेत लाल चेंडू ७५, नारिंगी ५० व हिरवा २५ टक्के मंद असतो. लाल चेंडूसाठी सुमारे ११ मीटर, नारिंगीसाठी सुमारे १८ मीटर, तर हिरव्यासाठी पूर्ण २३.७७ मीटर लांबीचे मैदान योजतात. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत पिवळा चेंडू वापरता येत नाही.

उष्णतेपासून संरक्षण

मुलांना उष्माघाताचा धोका असल्याने सराव सकाळी वा सायंकाळी घेणे, टोपी वापरणे, सावलीत विश्रांती देणे आणि तहान लागण्यापूर्वीच पाणी पाजणे आवश्यक असते. चक्कर, मळमळ वा डोकेदुखी जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवावा लागतो.

सामाजिक पैलू

साहित्य व शुल्क यांच्या खर्चामुळे अनेक मुले या खेळापासून वंचित राहतात. अमेरिकन टेनिसपटू आर्थर ॲश यांना बालपणी वर्णभेदामुळे रिचमंड येथील गोऱ्यांसाठी राखीव मैदानांवर प्रवेश नव्हता. लिंचबर्ग येथे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन कृष्णवर्णीय मुलांना उन्हाळ्यात टेनिस शिकवीत. तेथे ॲश घडले. पुढे १९६९ मध्ये त्यांनी चार्ली पासारेल व शेरिडन स्नायडर यांच्यासह शहरांतील गरीब मुलांसाठी ‘नॅशनल ज्युनियर टेनिस लीग’ स्थापन केली. खेळासोबत शिक्षणावर भर देणारा हा उपक्रम अद्याप चालू आहे.