सोन्याची अक्षरे गेली, काजळीची राहिली : ब्रिटिश साम्राज्य आणि बौद्ध देश



इंग्रजांच्या राज्याचा विषय निघाला की आपल्या वस्तीत दोन मते लगेच ऐकू येतात. एक म्हणतो, इंग्रज आले म्हणून आपल्या बापजाद्यांना पलटण दिसली, शाळेची पाटी दिसली. दुसरा म्हणतो, इंग्रजांनी देश लुटून नेला. दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. पण पलटणीचे दार उघडणाऱ्या सरकारनेच १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, हेही विसरू नये. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर विचारले, की तुमच्या एवढ्या वर्षांच्या राज्यात आमची अस्पृश्यता किती हटली? तेव्हा आम्ही इंग्रजांची आरती ओवाळणार नाही आणि नुसत्या शिव्याही देणार नाही. आम्हाला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. ज्या देशांत भगवान बुद्धाचा धम्म जिवंत होता, तिथे हे साम्राज्य गेले तेव्हा धम्माचे काय झाले?

आधी श्रीलंका पाहू. २ मार्च १८१५ रोजी कँडीचे राज्य इंग्रजांच्या ताब्यात गेले. राजा श्रीविक्रम राजसिंह ह्याला कैद करून पुढे वेल्लोरला ठेवले. तिथल्या सरदारांशी जो करार झाला, त्याच्या पाचव्या कलमात बुद्धाचा धर्म, त्याचे भिक्खू आणि विहार ह्यांचे रक्षण करण्याचे वचन होते. पण दोन-तीन वर्षांतच लोकांनी बंड केले. ते मोडल्यावर १८१८ च्या नव्या जाहीरनाम्याने हे वचन पातळ केले. पुढे मिशनऱ्यांनी ओरड केली, की ख्रिस्ती सरकारने बुद्धाच्या दंतधातूची व्यवस्था कशाला पाहावी? मग सरकारने हळूहळू अंग काढून घेतले. कागदावरचे वचन कागदावरच राहिले.

आता ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार. मंडाले म्हटले की आपल्या शाळेच्या पुस्तकात टिळकांचा तुरुंग येतो. पण मंडाले ही मूळची बौद्ध राजधानी. मिंडॉन राजाने ती वसवली. ह्या राजाने १८७१ मध्ये पाचवी धम्मसंगीती भरवली. त्याच्या आधी, १८६० ते १८६८ ह्या काळात, त्याने संपूर्ण त्रिपिटक संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. एकूण ७२९ शिळा, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या. प्रत्येक शिळेवर स्वतंत्र छोटा स्तूप, आणि अक्षरांत सोन्याची शाई भरलेली! ह्या जागेला कुथोडॉ म्हणतात. जगातले सर्वांत मोठे पुस्तक म्हणून तिची ख्याती आहे.

हा देश इंग्रजांनी तीन घासांत गिळला. १८२४-२६ च्या लढाईत आराकान आणि तेनासरीम घेतले, १८५२ मध्ये पेगू आणि रंगून, आणि १८८५ मध्ये उरलेले सगळे. शेवटच्या लढाईला निमित्त कुणाचे, तर आपल्याच मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचे. ही कंपनी तिकडच्या जंगलातले सागवान तोडत असे. जेवढे लाकूड नेले तेवढ्याचे पैसे भरले नाहीत, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. त्यात फ्रेंच लोक मंडालेत पाय रोवतील, ही भीती इंग्रजांना होतीच. झाले! फौज निघाली. त्या फौजेत शिपाई मोठ्या संख्येने हिंदी होते. एका गुलामाच्या हातून दुसऱ्याला गुलाम करायचे, हीच साम्राज्याची रीत.

नोव्हेंबर १८८५ मध्ये थिबा राजाला गादीवरून उतरवून बोटीत बसवले. १ जानेवारी १८८६ ला देश खालसा झाला. राजाला आधी मद्रासला आणि मग आपल्या रत्नागिरीला आणून ठेवले. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. लोक आज थिबा पॅलेस पाहायला जातात, फोटो काढतात. पण हा एका बौद्ध देशाचा शेवटचा राजा होता आणि सुमारे तीस वर्षे कोकणात कैदी होता, हे पोरांना कुणी सांगते का?

राजा गेला त्याबरोबर संघाचा आधार तुटला. ब्रह्मदेशात संघाचा प्रमुख राजा नेमत असे. जुने प्रमुख १८९५ मध्ये वारले. नव्या प्रमुखाला सरकारने मान्यता दिली ती १९०३ मध्ये, तीही मोजक्या अधिकारांची. १९३८ मध्ये तेही वारल्यावर ती जागा रिकामीच राहिली. गावोगावच्या विहारात पोरे लिहा-वाचायला शिकत. त्यामुळे इंग्रजांच्याच जनगणनेत तिथल्या साक्षर पुरुषांचे प्रमाण हिंदुस्थानच्या इतर प्रांतांहून पुष्कळ जास्त निघाले. पण नोकरी हवी तर इंग्रजी शाळा हवी, असे झाल्यावर विहाराची शाळा मागे पडली. युरोपियन लोक पॅगोड्यात बूट घालून फिरत. त्याविरुद्ध लोकांनी चळवळ केली, तेव्हा कुठे १९१९ मध्ये बुटांबाबत ठरवायचा अधिकार तिथल्या भिक्खूंना मिळाला. भिक्खू उ विसार ह्यांनी तुरुंगात चीवर घालू द्यावे म्हणून उपोषण केले आणि १६६ दिवसांनी, सप्टेंबर १९२९ मध्ये, प्राण सोडला.

आणि त्या ७२९ शिळांचे काय झाले? १८८५ नंतर इंग्रजी फौज त्या परिसरात मुक्कामाला राहिली. ती हलली तेव्हा स्तूपांवरच्या घंटा गेल्या होत्या, अक्षरांतले सोने खरवडून नेले होते. १८९२ पासून तिथल्या भिक्खूंनी, जुन्या दरबारी मंडळींनी आणि सामान्य लोकांनी मिळून दुरुस्ती हाती घेतली. पुन्हा सोने भरले नाही. लाख, दिव्याची काजळी आणि पेंढ्याची राख मिसळून काळी शाई केली आणि तीच अक्षरांत भरली. काजळी कोण चोरणार? बुद्धवचन आजही तिथे वाचता येते.

इतिहास एकरंगी नसतो, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सम्राट अशोकाची ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप ह्या इंग्रजानेच वाचली. कनिंगहॅमने १८५१ मध्ये सांचीला सारिपुत्त आणि मोग्गल्लान ह्यांच्या अस्थी शोधल्या. पण त्या गेल्या कुठे? लंडनच्या म्युझियममध्ये! बौद्धांनी मागणी लावून धरली, तेव्हा त्या परत आल्या आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या. इंग्रजांनी शोधले हे खरे, पण शोधलेल्या वस्तूला वंदन करणारे हात आपले होते.

आता नागपूरची गोष्ट. इंग्रजांनी सर्वांत आधी गिळलेल्या आराकानमध्ये, अक्याब इथे, एका मुलाचा जन्म झाला. तरुण वयात तो हिंदुस्थानात आला, भिक्खू झाला आणि कुशीनगरला राहून विहाराचे व शिक्षणाचे काम करू लागला. हेच महास्थविर चंद्रमणी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले ते ह्यांनीच. त्याआधी १९५४ मध्ये बाबासाहेब स्वतः रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. साम्राज्याने ज्या देशाचा राजा आपल्याकडे कैदी म्हणून आणला, त्याच देशातून आपल्याला धम्म देणारे भन्ते आले. राजाला बेड्या घालता येतात, धम्माला नाही.

बांधवांनो, ह्यातून आम्ही एवढेच शिकलो, की राजाच्या भरवशावरचा धम्म राजाबरोबर अडचणीत येतो आणि सरकारचे वचन सरकारच्या सोयीपुरते असते. आपला विहार कुण्या राजाने बांधलेला नाही. तो वस्तीच्या घामाच्या पैशातून उभा आहे. त्याला सोन्याचा कळस नाही, नसू द्या. दर रविवारी वंदनेला माणसे आणि वाचनाला पोरे येत राहिली, तर आपली काजळीची अक्षरे कुणी खरवडू शकणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!