घोळणा फुटणे

नाकातून रक्त वाहू लागण्याला मराठीत ‘घोळणा फुटणे’ म्हणतात. हे बहुधा स्वतंत्र रोग नसून लक्षण असते. मराठवाड्याच्या कोरड्या, उष्ण हवेत ते उन्हाळ्यात विशेष आढळते. हिंगोली जिल्ह्यातील (१९९९ पूर्वी परभणी जिल्ह्यातील) सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. तथापि त्या परिसरातही एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. शरीरातील उष्णता वाढल्याने नाक फुटते, हा तेथील व एकंदर महाराष्ट्रातील रूढ समज. तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र त्यावरून केले जाणारे उपचार पुष्कळदा निरुपयोगी व क्वचित घातक असतात. या समजाची मुळे फार जुनी आहेत.

चरकसंहितेत या विकाराचा अंतर्भाव रक्तपित्तात केला आहे. नाक, कान, डोळे व मुख यांवाटे जाणारे ते ऊर्ध्वग रक्तपित्त. ते साध्य, खालच्या मार्गांनी जाणारे याप्य आणि दोन्हींकडून जाणारे असाध्य मानले आहे. रुग्ण सशक्त असेल, तर रक्त प्रारंभीच अडवू नये. दूषित रक्त कोंडल्यास अन्य विकार होतात, असेही तेथे सांगितले आहे. पुढे नस्यासाठी दूर्वांचा रस, डाळिंबाच्या फुलांचा रस, द्राक्षरस, दूध इत्यादींबरोबर कांद्याचाही निर्देश आहे. रुग्णाला फोडलेला कांदा हुंगविण्याची घरगुती रीत या परंपरेशी जुळणारी दिसते. ग्रीक वैद्यकाची दृष्टीही फारशी निराळी नव्हती. हिपॉक्राटीझच्या नावावरील ग्रंथांत ज्वरात नाकातून रक्त जाणे, हे कित्येकदा रोग उतरणीस लागल्याचे चिन्ह मानले आहे. दोन्ही परंपरांत दोष सर्व शरीराचा व नाक ही केवळ त्याची वाट, अशी धारणा होती. यूरोपातील लोकांत पाठीवरून थंड लोखंडी किल्ली सोडण्याचा तोडगा रूढ होता, तो आपल्याकडील डोक्यावर पाणी थापण्याच्या जातीचाच.

रक्त नेमके कोठून येते, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स लॉरेन्स लिटल यांनी १८७९ मध्ये व जर्मन वैद्य व्हिल्हेल्म कीसेलबाख यांनी १८८४ मध्ये नासापटलाच्या पुढील खालच्या भागाकडे लक्ष वेधले. अंतर्गत व बाह्य अशा दोन्ही ग्रीवा रोहिण्यांच्या शाखा तेथे पातळ श्लेष्मकलेखाली एकत्र येऊन जाळे बनवितात. सु. ९०% रक्तस्राव नाकाच्या या पुढच्या भागातून होतो. कोरड्या हवेने श्लेष्मकला सुकते, खपली धरते, बोट लागताच किंवा नाक जोराने शिंकरताच ती निघते आणि खालची वाहिनी उघडी पडते. उष्णतेचा दोष आहे तो इतकाच. तो पित्ताचा नसून हवेचा आहे.

जागा कळल्याने प्रथमोपचाराला सुस्पष्ट आधार मिळाला, कारण ती बोटांच्या दाबाखाली येते. रुग्णाला बसवून किंचित पुढे वाकवावे. नाकाचे हाड सोडून खालचा मऊ भाग अंगठा व तर्जनी यांत दोन्ही बाजूंनी घट्ट धरावा आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे मधे न सोडता दाबून ठेवावा. श्वास तोंडाने घ्यावा, तोंडात आलेले रक्त थुंकावे. दर मिनिटाला हात काढून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यामुळे धरू लागलेली गुठळी सुटते. मान मागे टाकणे वा उताणे निजविणे ही सर्वांत रूढ चूक होय. त्यामुळे नाकपुडीत रक्त दिसेनासे होते, पण ते घशात उतरते, ओकारी होते, श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो, शिवाय किती रक्त गेले याचा अंदाजही राहत नाही.

मुलांत नाक कोरणे व सर्दी ही नेहमीची कारणे. वृद्धांत मात्र रक्त नाकाच्या मागील भागातून येण्याचा संभव अधिक असतो आणि तेथे बोटांचा दाब पोहोचत नाही. रक्तदाब वाढलेला असल्यास स्राव आवरणे कठीण जाते. डेंग्यू, रक्त पातळ करणारी औषधे, यकृताचे रोग, तसेच फुरसे किंवा घोणस यांचा दंश यांतही नाकातून रक्त येते. अशा वेळी दाबावर विसंबून वेळ दवडू नये. डोक्याला मार लागला असेल, चक्कर येत असेल किंवा अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, तर रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. वाटेतही नाक दाबूनच ठेवावे. रुग्णालयात रक्तस्रावाची जागा सिल्व्हर नायट्रेटने किंवा विजेने डागतात, नाकात पट्टी भरतात व क्वचित रोहिणी बांधतात. रक्त थांबल्यावर काही दिवस नाक शिंकरू नये. उन्हाळ्यात नाकपुडीच्या आत थोडे पेट्रोलियम जेली लावल्यास खपली धरत नाही.