वाण, वानगी, वानवळा

बियाला राखलेला दुधी आजी तोडत नसे. तो वेलीवरच वाळे; हलवला की आत खुळखुळ वाजे. मग बिया राखेत घोळून गाडग्यात जात आणि तोंड शेणमातीने लिंपलं जाई. राख ओल धरते, किडीला रोखते. बियांतली ओल एका टक्क्याने घटली की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टनचा ठोकताळा विसाव्या शतकातला. मला छळलं ते गाडग्याने नव्हे, ‘वाण’ या शब्दाने.

‘वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत वाण म्हणजे रंग, संस्कृत ‘वर्ण’. मग भाताचा वाण म्हणजेही मुळात रंगच? असणारच. बी निवडणारीच्या हाती सूप आणि डोळे एवढंच असतं. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांच्या अकोले तालुक्यातल्या काळभाताचं नावच बघा.

आधी वाटलं, संक्रांतीचं वाणही हेच. बायका सुगडांतून बियाणंच वाटत असणार! पण ते वाण नपुंसकलिंगी, ‘वायन’ या भेटवाचक शब्दापासूनचं, बियाण्याचा वाण पुल्लिंगी, वर्णासारखा. (हल्ली पिशव्यांवर ‘हे वाण’ही छापतात; त्याकडे मी काणाडोळा करतो.) शिवाय सुगडात ओला हरभरा, उसाचे करवे. असलं ओलं बी कोण साठवेल? तो तर्क सोडला.

वानवळा मात्र सोडणार नाही. शेतातलं नवं पीक थोडंसं शेजारीपाजारी, पाहुण्यांकडे जातं, तो वानवळा. भेटच ती, म्हणून कुणी त्यालाही वायन चिकटवेल. पण कान देऊन ऐका: कर्णाचा कान झाला, पर्णाचं पान, जीर्णाचं जुनं. त्या हिशेबाने वर्णाचा ‘वान’च व्हायला हवा. उलट पानीयाचं पाणी झालं तसं वायनाचं ‘वाण’. म्हणजे वानगी आणि वानवळा यांतला न वर्णाच्या घरचा. दोन्ही पिकाचा रंग दाखवायला निघालेले नमुने. मग बियाण्याच्या ‘वाणा’त ण कुठून आला? माझ्या मते संक्रांतीच्या वाणानेच तो शेजाऱ्याला लावला. वाण नाही पण गुण म्हणा हवं तर.

वानवळा आला की आजी तो सगळाच शिजवत नसे. घेवड्याच्या शेंगांतल्या चार जून, टपोऱ्या शेंगा आधी बाजूला निघत आणि सूप उन्हात जाई. भाजी उरलेल्यांची.