इसार दिला, पण कर्ज अडलं : घराच्या व्यवहारातून मागे फिरताना काय होतं?

आधी इसार देऊन घर पक्कं करायचं आणि मग बँकेत जायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. घोळ होतो तो बँकेचा वकील कागद बघतो तेव्हा. गावठाणातल्या घराला नुसता नमुना ८ असतो, प्लॉट बिनशेती झालेला नसतो, कुठे जमीन भोगवटादार वर्ग २ निघते. कर्ज थांबतं, आणि घेणारा इसार (काही भागांत विसार) परत मागायला मालकाच्या दारात जातो.

कागद नीट असूनही रक्कम कमी पडते. समजा, घर ठरलं २२ लाखांना आणि बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत धरली १७ लाख. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, तेही सहसा कमी असलेल्या आकड्यावर. म्हणजे १५ लाख ३० हजार. उरलेले ६ लाख ७० हजार खिशातून.

आता मुख्य प्रश्न, इसार परत मिळतो का? पावतीत काय लिहिलंय यावर बरंच अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या निकालात सांगितलं, की व्यवहार पाळण्याची हमी म्हणून दिलेला इसार, तशी स्पष्ट अट असेल आणि खरेदीदारामुळे व्यवहार मोडला तर, मालक जप्त करू शकतो. किमतीपोटी दिलेला हप्ता मात्र तसा जप्त करता येत नाही. पावतीवर नुसतं ‘रोख मिळाले’ असेल तर दोघंही आपापला अर्थ लावत बसतात. म्हणून पावतीत एकच ओळ घाला : ‘बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास इसाराची संपूर्ण रक्कम ३० दिवसांत परत करावी.’ ही ओळ घालायला मालक तयार नसेल तर इसार छोटा ठेवा. खरं सांगायचं तर मालकाचंही नुकसान होतं, दोन-तीन महिने तो दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. म्हणून मुदत लिहिणं दोघांच्याही सोयीचं.

मालकाच्या कागदातच दोष असेल, तर पारडं खरेदीदाराकडे झुकतं. बँकेने कर्ज का नाकारलं ते लेखी मागून घ्या, तोंडी नकाराचा पुढे उपयोग नाही.

बिल्डरकडून फ्लॅट घेताय आणि प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे, तर चित्र वेगळं. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. महारेराने २०२२ मध्ये ठरवलेल्या वाटपपत्राच्या नमुन्यानुसार, पत्र जारी झाल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात शून्य. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. २५ लाखांच्या फ्लॅटला हे अनुक्रमे २५ हजार, साडेसदतीस हजार आणि ५० हजार होतात. थोडक्यात, मन बदललं तर दिवस घालवू नका, आणि अर्ज पोच घेऊनच द्या.

साठेखत नोंदवून झालं असेल तर नुसतं ‘व्यवहार मोडला’ म्हणून भागत नाही. दुय्यम निबंधकाकडे दोघांच्या सह्यांनी रद्दलेख नोंदवावा लागतो. तोपर्यंत सूची २ मध्ये तुमचं नाव राहतं आणि मालकाला दुसऱ्याला विकताना अडचण येते. त्यामुळे पैसे हातात पडल्याशिवाय रद्दलेखावर सही करू नका. मुद्रांक घेतला पण वापरलाच नाही, तर खरेदीपासून सहा महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे परताव्याचा अर्ज करता येतो, थोडी रक्कम कापली जाते.

बँकेचं काय? मंजुरीपत्र आलं म्हणून कर्ज घेतलंच पाहिजे असं नाही. कर्ज उचललं नाही तर हप्ता लागत नाही, पण प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही. अर्ज करण्याआधीच ते विचारून घ्या.