क्ष-किरणांचे आकाश

‘दुर्बीण अवकाशात कशासाठी पाठवतात?’ असा प्रश्न वर्गात विचारला, तर ‘ताऱ्यांच्या जवळ जाण्यासाठी’ हे उत्तर हमखास येते. उत्तर चूक आहे. पण ते चूक का, हे पाहण्यासाठी फळ्यावर एक छोटे गणित मांडावे. हबल दुर्बीण जमिनीपासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून फिरते. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा आपल्यापासून सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. मुंबईहून दिल्लीला निघालेल्या माणसाने या प्रमाणात किती वाट कापली? केसाच्या जाडीइतकीसुद्धा नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? हवेच्या बाहेर पडण्यासाठी. दृश्य प्रकाश हवेतून खाली येतो, फक्त थोडा थरथरतो. ती थरथर टाळली की चित्र रेखीव मिळते, आणि हबलची छायाचित्रे त्यामुळेच प्रसिद्ध झाली. पण काही किरण असे आहेत की ते जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. क्ष-किरण त्यांपैकी एक. येथे एखादा चौकस विद्यार्थी अडवील, ‘दवाखान्यात क्ष-किरण हातातून आरपार जातात, मग हवेतून का जात नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या डोक्यावरच्या हवेचे वजन दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भरते. म्हणजे अडवण्याच्या दृष्टीने आपण जणू १० मीटर पाण्याच्या तळाशी बसलो आहोत. त्यात आकाशातून येणारे बरेचसे क्ष-किरण दवाखान्यातल्यापेक्षा कमी ऊर्जेचे असतात. ते फार उंचावरच शोषले जातात. आपण जिवंत आहोत ते याच पांघरुणामुळे, आणि क्ष-किरणांचे आकाश माणसाला हजारो वर्षे ठाऊक नव्हते तेही त्याच्याचमुळे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बनवलेले व्ही-२ अग्निबाण युद्धानंतर अमेरिकेच्या हाती आले. १९४९ मध्ये हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटाने अशाच एका अग्निबाणावर गणक बसवून सूर्याकडून क्ष-किरण येतात हे मोजून दाखवले. सूर्याच्या दृश्य प्रकाशाच्या मानाने ते सुमारे दहा लाखांश भरतात. आता पुढचे गणित नववीतला मुलगाही करील. जवळचा तारा सूर्याच्या २ लाख ७० हजार पट दूर आहे. किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. तेव्हा सूर्यासारख्या ताऱ्याचे क्ष-किरण सूर्याच्या ७ हजार कोटी पटींहून क्षीण असणार. त्या काळच्या उपकरणांना ते दिसण्याची आशाच नव्हती. गणितात चूक नाही. चूक होती ती ‘सूर्यासारख्या’ या शब्दात, पण हे तेव्हा कोणाला माहीत असणार?

ब्रुनो रॉसी आणि रिकार्डो जियाकोनी हे दोघे मूळचे इटलीचे शास्त्रज्ञ. ते अमेरिकेत एका खाजगी संशोधन कंपनीशी संबंधित होते. काय दिसेल याची खात्री नसली तरी पाहून घ्यावे, असे रॉसींचे मत होते. पण पैसे देणाऱ्याला अधिक ठोस कारण लागते. चंद्रावर जाण्याची तयारी तेव्हा सुरू झालेली होती. सूर्याचे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर पडले तर तीही क्षीण क्ष-किरण सोडील, आणि त्यावरून मातीत काय आहे ते कळेल, असे कारण पुढे करण्यात आले. अमेरिकी हवाई दलाने मदत दिली. १९६० चा पहिला प्रयत्न अग्निबाण बिघडल्याने वाया गेला. १९६१ मध्ये अग्निबाण नीट वर गेला, पण उपकरणांसमोरची दारेच उघडली नाहीत!

१८ जून १९६२ च्या मध्यरात्रीला एक मिनिट कमी असताना न्यू मेक्सिकोतील व्हाइट सॅण्ड्स येथून तिसरा अग्निबाण उडाला. त्यावर तीन गायगर गणक होते. त्यांपैकी दोन चालले. अग्निबाण स्वतःभोवती फिरत होता, त्यामुळे गणक दर फेरीला आकाशाचा एक पट्टा न्याहाळत. उपयोगाचा वेळ मिळाला ३५० सेकंद, म्हणजे सहा मिनिटांहूनही कमी. त्या वेळात चंद्राकडून काहीच नोंदले गेले नाही. मात्र चंद्रापासून दूर, वृश्चिक राशीच्या दिशेला गणक वळला की दर फेरीला नोंदी एकदम वाढत. शिवाय सगळ्या दिशांनी सारखीच येणारी एक मंद पार्श्वभूमीही आढळली.

अशा वेळी घाई करणे सोपे असते. या गटाने अनेक आठवडे इतर सर्व शक्यता तपासल्या आणि मगच निबंध लिहिला. तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये छापून आला. पडताळ्याची त्यांची रीत तर वर्गात सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबरमध्ये, वृश्चिक क्षितिजाखाली असताना, त्यांनी पुन्हा अग्निबाण सोडला. तो उगम दिसला नाही. पुढच्या जूनमध्ये वृश्चिक वर आल्यावर सोडला, तेव्हा तो परत त्याच जागी हजर. म्हणजे किरण पृथ्वीजवळच्या कशातून येत नव्हते. उगम ताऱ्यांमध्येच होता. त्याला ‘स्कॉर्पियस एक्स-१’ नाव मिळाले. १९६६ मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणींनी तेथे एक मंद, निळसर तारा हुडकला. सूर्याच्या उलट, हा तारा दृश्य प्रकाशापेक्षा सुमारे हजार पट अधिक ऊर्जा क्ष-किरणांत ओततो. अशी भट्टी कशाने पेटते, हे कोणालाच सांगता येईना.

अग्निबाणाच्या पाच-सहा मिनिटांत हे उलगडणार नव्हते. त्यासाठी उपग्रह हवा होता. तो १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातल्या एका मंचावरून उडाला. त्या दिवशी केनियाच्या स्वातंत्र्याला सात वर्षे पूर्ण होत होती, म्हणून त्याचे नाव ‘उहुरू’ ठेवले. स्वाहिली भाषेत याचा अर्थ स्वातंत्र्य. वजन जेमतेम १४० किलो. त्याला आपण ज्याला दुर्बीण म्हणतो तसा आरसाही नव्हता, फक्त गणक होते. पण तो दोन वर्षांहून अधिक काळ आकाश चाळत राहिला आणि त्याच्या शेवटच्या यादीत ३३९ उगम आले.

त्यांपैकी दोघांची कहाणी सांगितलीच पाहिजे. नरतुरंगातील ‘सेंटॉरस एक्स-३’ हा उगम दर ४.८ सेकंदांनी लुकलुकत होता आणि दर २.१ दिवसांनी काही तास नाहीसा होत होता. नाहीसा होतो म्हणजे तो कशाच्या तरी आड जातो. म्हणजे हा जोडतारा. मोठ्या ताऱ्याभोवती एक लहानसा, वेगाने गरगरणारा न्यूट्रॉन तारा फिरत आहे आणि जोडीदाराचा वायू ओढून घेत आहे. पडणारा वायू तापून कोट्यवधी अंशांवर जातो आणि क्ष-किरण सोडतो. उंचावरून पाणी पडले की जनित्र फिरते. येथे पडते ते ताऱ्याचेच द्रव्य. भट्टीचे इंधन सापडले ते असे.

दुसरा उगम हंस राशीतील ‘सिग्नस एक्स-१’. हा सेकंदाच्या अंशात चमक बदलतो, पण ठोक्यांना ताल नाही. १९७१ मध्ये लुईस वेबस्टर आणि पॉल मर्डिन यांनी, तसेच स्वतंत्रपणे टॉम बोल्टन यांनी, तेथील निळा तारा ५.६ दिवसांत कशाभोवती तरी फिरतो हे दाखवले. तो ‘कशाभोवती’ डोळ्यांना दिसत नाही आणि न्यूट्रॉन ताऱ्यापेक्षा खूप जड आहे. ते कृष्णविवर नाही, अशी पैज स्टीफन हॉकिंग यांनी किप थॉर्न यांच्याशी लावली होती. १९९० मध्ये त्यांनी हार मान्य केली. २०२१ च्या मोजणीनुसार त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट आहे.

येथे मुंबई बंदराची आठवण काढणे भाग आहे. १९३० च्या जुलैअखेर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नावाचा १९ वर्षांचा विद्यार्थी तेथून इंग्लंडला निघाला. बोटीवर त्याने मांडलेल्या गणितातून निघाले, की ठराविक मर्यादेपेक्षा जड तारा शेवटी श्वेत बटू होऊन शांत राहू शकत नाही. तो कोसळतच जाणार. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. १९३५ मध्ये आर्थर एडिंग्टन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने भर सभेत या निष्कर्षाची टर उडवली. आम्हांला यात राहून राहून वाटते ते हे, की तेव्हा दोन्ही बाजूंकडे दाखवायला आकाशातले काहीच नव्हते. कोसळलेले तारे स्वतः फारसे प्रकाशत नाहीत. जोडीदाराचे द्रव्य गिळतानाच ते झळाळतात, आणि तेही हवेने झाकलेल्या किरणांत.

पुढे आरसे आले. क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर आत शिरतात. पण तळ्यावर तिरका फेकलेला चपटा दगड जसा टप्पा घेतो, तसे अगदी तिरके पडले तर परावर्तित होतात. या तत्त्वावरची आइन्स्टाइन वेधशाळा १९७८ मध्ये गेली आणि २३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया यानातून चंद्रा वेधशाळा. तिला नाव अर्थातच चंद्रशेखरांचे. १९६२ च्या रात्री दिसलेली ती मंद पार्श्वभूमी चंद्राने बरीचशी सुट्या बिंदूंत फोडून दाखवली. त्यांतले बहुतेक बिंदू म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यातील महाकाय कृष्णविवरे. जियाकोनींना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे या कामाची सुरुवात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी झाली. १९७५ च्या ‘आर्यभट’वरही क्ष-किरणांचा प्रयोग होता, पण वीजपुरवठा बिघडला आणि अवघ्या चार-पाच दिवसांत तो बंद पडला. त्यानंतर पूर्ण वेधशाळेसाठी चाळीस वर्षे थांबावे लागले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ गेली. तिची काही क्ष-किरण उपकरणे मुंबईत, टाटा संस्थेत घडली, तर एकाच्या कामात पुण्याच्या आयुकाचा मोठा वाटा आहे. त्याच उपकरणाने वृषभ राशीतील क्रॅब स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजले. तो निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास विद्यार्थ्यांना मैदानावर न्यावे आणि आग्नेयेकडे वृश्चिक दाखवावा. अनुराधा नक्षत्राचे तीन तारे सहज ओळखू येतात. त्यांतल्या सर्वांत उत्तरेकडच्या ताऱ्यापासून ईशान्येला, हात लांब करून धरलेल्या मधल्या तीन बोटांच्या रुंदीइतक्या अंतरावर, स्कॉर्पियस एक्स-१ आहे. सूर्य सोडला तर क्ष-किरणांच्या आकाशात एरवी त्याच्याइतके ठळक दुसरे काही नसते. तेथे डोळ्यांना मात्र कोरा काळोखच दिसेल.